थंडीतलं बेकिंग, कंदील आणि घरसजावट: नाताळ ते संक्रांत

लोणी_साखर

पुण्यात पेस्ट्रीचा डिप्लोमा करतेय, घर वसईला. वर्गातला एसी कायम १८वर, त्यामुळे तिथे सुरेख जमणाऱ्या गोष्टी घरच्या ओट्यावर रडवतात. यावर औषध एकच, कॅलेंडर बघून बेकिंग करायचं. एप्रिलमध्ये क्रोसाँ (लोण्याच्या थरांचे फ्रेंच पाव) करायला घेणं ही हौस नाही, हट्ट आहे. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत पुण्यात सकाळी स्वयंपाकघर २० अंशांच्या आसपास असतं. लोण्याची आणि चॉकलेटची सगळी कामं तेवढ्यात उरकून घ्या, साधे केक वर्षभर आहेतच. साहित्याच्या यादीत पहिलं नाव थंडीचं लिहा, एवढंच माझं म्हणणं.

क्रोसाँचं आधी सांगते. ५०० ग्रॅम मैद्याच्या पिठाला २५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी. लोण्याची लादी लाटताना १३ ते १५ अंशांवर हवी. थर्मामीटर नसेल तर ओट्याच्या कडेवर वाकवून बघा. तडकली तर फार गार, बोट लावल्यावर चकाकायला लागली तर फार गरम, न मोडता वळली की लगेच कामाला लागा. तिहेरी घडी तीन वेळा घातली की लोण्याचे २७ थर होतात. दोन घड्यांच्या मध्ये अर्धा तास फ्रीज. घरचं विरजणाचं लोणी इथे चालत नाही, त्यात पाणी जास्त राहतं. ते थालीपिठावरच शोभतं.

आता गंमत अशी, की याच थंडीत यीस्ट आळसावतं. त्यावर उपाय म्हणून लोक पीठ ओव्हनमध्ये आतला दिवा लावून ठेवतात. पावाला हे ठीक. क्रोसाँना २७ अंशांच्या वर ऊब मिळाली की लोणी थरांतून निघून खाली ट्रेमध्ये तळं साचतं, म्हणून दिवा मधूनमधून बंद करायचा आणि वेळ लागेल तितका लागू द्यायचा.

चॉकलेटचंही तेच. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ला उतरवायचं, आणि ३१-३२वर साच्यात ओतायचं. मे महिन्यात मुंबईची खोलीच ३२ची असते, तिथे ते कडक चकचकीत होणार कसं? बाजारातल्या कंपाउंड चॉकलेटला ही कटकट नसते, कारण त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. चवही तशीच लागते.

सजावटीबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे. कापसाचा बर्फ नको. बाहेर ३० अंश, खिडकीत नारळ, आणि झाडावर बर्फ! आमच्याकडे सुरूची फांदी बादलीत वाळू भरून उभी करतात, वर कंदील आणि दिव्यांची माळ. बास.

तुमच्याकडचं लिहा. पाककृती, कंदील, नाताळचा गोठा, हलव्याचे दागिने, सगळं चालेल.

शेवटचा_बाक

वाचूनच वजन वाढलं. क्रोसाँ आमच्या नशिबी नाही, ओटीजीच (घरगुती विजेचा ओव्हन) नाही. कुकरवाल्यांसाठी काही सांगशील का?

लोणी_साखर

सांगते की. क्रोसाँला वरूनही जोरदार उष्णता लागते, ती कुकरमध्ये मिळत नाही. फळांचा केक मात्र छान होतो. जुनी जाड कढई किंवा जुना कुकर घ्या, तळाशी मीठ पसरा, वर जाळी. झाकणाची शिट्टी आणि रबर काढून ठेवा. दहा मिनिटं तापवून मग केकचं भांडं आत आणि आच अगदी बारीक. नवा चांगला कुकर यात घालू नका, कोरडा तापून खराब होतो.

चाफेकळी

मस्त धागा, तोंडाला पाणी सुटलं. फळांच्या केकचं प्रमाण दे ना. आणि फळं रममध्ये महिनोन्‌महिने भिजवावीच लागतात का? आमच्याकडे रम घरात आणली तर सासूबाई घराबाहेर काढतील.

लोणी_साखर

:D रमशिवायही होतो. प्रमाण पाठ करायला सोपं आहे: मैदा, लोणी, साखर, अंडी प्रत्येकी २०० ग्रॅम. अंडी म्हणजे साधारण चार. त्यात फळं ५०० ते ६०० ग्रॅम. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ मिळून दोन चमचे.

फळं संत्र्याच्या रसात पाच-सात मिनिटं उकळायची आणि रात्रभर झाकून ठेवायची, दुसऱ्या दिवशी केक. रसातली फळं महिनाभर बरणीत ठेवायला जाऊ नका, फसफसतील. रमचा उपयोग चवीइतकाच टिकण्यासाठी असतो.

फळांमध्ये माझी भर सुकेळ्यांची. वसईत आगाशीच्या बाजूला राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, त्यांची सुकेळी होतात. बाहेरून तपकिरी, चिवट, आतून मधासारखी. खजुराच्या निम्मी सुकेळी घाला, बारीक चिरून. टुटीफ्रुटी घातलीत तर माझी हरकत नाही, पण मला सांगू नका.

रंगासाठी साखर जाळायची. वाटीभर साखर कोरडीच जाड बुडाच्या पातेल्यात, पार गडद तांबूस होईपर्यंत. धूर दिसायला लागला की गॅस बंद आणि बाजूला उभं राहून अर्धी वाटी कडकडीत गरम पाणी. गार पाणी घातलंत तर अंगावर उडेल. हा पाक पूर्ण गार करून मग पिठात.

भांड्याला आतून दुहेरी बटर पेपर, बाहेरून वर्तमानपत्राची जाड घडी दोऱ्याने बांधायची म्हणजे कडा करपत नाहीत. १५० ते १६० अंश, दीड तास तरी. कुकरमध्ये बाहेरचा वर्तमानपत्राचा कागद नको.

मंजिष्ठा

फळांना मैदा चोळला की ती खाली बसत नाहीत असं आम्ही शिकलो.

लोणी_साखर

मंजिष्ठाताई, पीठ सैल असेल तर मैदा चोळूनही बसतात. वरच्या प्रमाणाचं पीठ घट्ट आहे, त्यात नाही चोळलं तरी तरंगतात. चोळायचाच असेल तर त्याच २०० ग्रॅममधला घ्या.

माडाबुडी

गोव्यातून हजेरी. आमच्या कुस्वारात, म्हणजे नाताळच्या फराळात, मैद्याच्या केकपेक्षा नारळाचाच मान जास्त, हे कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. नेवऱ्यो, कुलकुलां, दोदोल, दोस, पेरूचं पेराद, बोलिन्यां, आणि सगळ्यांच्या वर बेबिंका. नाताळात हे ताटलीत भरून शेजारी जातं. शेजारी हिंदू असला तर चवथीला त्याच्याकडून नेवऱ्यो येतात, हिशेब फिटतो.

दोदोलाला तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचं काळं गूळ. कढईच्या कडा सुटून तेल वर येईपर्यंत घोटत राहायचं. घरातला सगळ्यात तरणा माणूस या कामाला लावतात, आणि तो नेमका त्या दिवशी गायब होतो.

बेबिंकाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या खाज्याला त्याआधीच, २०२० साली.

चाफेकळी

बेबिंका घरी होतो का हो? इथे विकतचा आणला तर तो रबरासारखा.

माडाबुडी

होतो, पण त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका. दोन वाट्या जाड नारळाचं दूध, आठ-दहा अंड्यांचे बलक, दीड वाटी साखर, वाटीभर मैदा, जायफळ. गाळून घ्यायचं, गुठळी राहता कामा नये. पूर्वी मातीच्या भांड्याच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत, म्हणजे आच फक्त वरून. ओटीजीत वरचा रॉडच चालू ठेवायचा. भांड्यात चमचाभर गरम तूप, त्यावर एक डाव पीठ. वर तपकिरी ठिपके आले की पुन्हा तूप, पुन्हा डावभर पीठ. परंपरेने सात थर, हौशी लोक सोळापर्यंत जातात.

रबर होतो तो तुपात कंजुषी केल्यामुळे आणि थर जाड ओतल्यामुळे. गार झाल्यावरच कापा. गरम कापलात तर थर घसरतात.

लोणी_साखर

आणि बलक वापरून उरलेला पांढरा भाग टाकू नका! त्यात पिठीसाखर फेटली की रॉयल आयसिंग. जिंजरब्रेडचं, म्हणजे सुंठीच्या बिस्किटांचं घर त्यावरच उभं राहतं. (कच्चा पांढरा भाग नको असेल तर मेरिंग पावडर मिळते.)

हे घर मी कौलारू करते. चिमणी, बर्फाची झालर वगैरे नाही. पुढे पडवी, वर बदामाच्या कापांची कौलं, खालच्या ओळीपासून वर एकावर एक सरकवत लावलेली, अगदी खऱ्या कौलांसारखी. तुळशीवृंदावन करायचं की क्रूस, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पाश्चात्त्य पाककृतीत मोलॅसिस असतं, तिथे मी काकवी घालते. कोल्हापूरकडची गुऱ्हाळं सध्या जोरात असतात, ताजी काकवी मिळते. मोलॅसिससारखी कडवट नसते, म्हणून सुंठ थोडी वाढवायची. मैदा ३५० ग्रॅम, लोणी १००, काकवी १००, गुळाची पावडर १२०, एक अंडं, सुंठ आणि दालचिनी दोन-दोन चमचे, चिमूटभर मीठ. खायची बिस्किटं असतील तर अर्धा चमचा सोडा, घर बांधायचं असेल तर सोडा अजिबात नको. सोड्याने भिंती पसरतात आणि मग कोपरे जुळत नाहीत. १७० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या, गरम असतानाच, कागदाचा नमुना वर ठेवून कडा पुन्हा सरळ कापा. गार झाल्यावर कापायला गेलात तर मोडेल.

गच्चीवरची

माझं घर ठाण्यात, खाडीकडे. मागच्या वर्षी असलं घर केलं होतं, तिसऱ्या दिवशी छप्पर भिंतींसकट आत. पुण्यातल्या मैत्रिणीचं संक्रांतीपर्यंत ठणठणीत.

लोणी_साखर

दमट हवा, दुसरं काही नाही. गूळ आणि काकवी दोन्ही पाणी ओढून घेतात. तुमच्याकडे भिंती नेहमीपेक्षा पातळ लाटा आणि भाजल्यावर पुन्हा एकदा १२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं वाळवून घ्या. आणि सरळ सांगायचं तर खाडीकाठी घर करा आणि दुसऱ्या दिवशी पाडून खा. मुलांना तेच हवं असतं.

एल्बेकाठी

ड्रेस्डेनहून. नोकरीमुळे इथे आहे, तेव्हा स्टोलनवर, म्हणजे इथल्या नाताळच्या गोड पावावर, लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथला श्ट्रीत्सलमार्क्ट हा नाताळबाजार १४३४ सालापासूनचा, आणि त्याचं नावही स्टोलनच्या जुन्या नावावरूनच पडलंय. त्या काळी नाताळाआधीच्या उपवासाच्या दिवसांत चर्चला लोणी चालत नसे, स्टोलन तेलात आणि ओटच्या पिठात व्हायचं. सॅक्सनीच्या राजघराण्याने रोमला विनंत्या केल्या, तेव्हा १४९१ साली पोपने लोणी वापरायची परवानगी देणारं पत्र धाडलं. म्हणजे या धाग्यावर लोण्याला जो मान मिळतोय त्याला पोपची मंजुरी आहे.

१७३० साली इथल्या ऑगस्ट नावाच्या राजाने सैन्याच्या जत्रेत १.८ टनांचं स्टोलन करवून घेतलं होतं. त्याची आठवण म्हणून आता दरवर्षी डिसेंबरात मोठ्ठं स्टोलन रस्त्याने मिरवत नेतात. आपल्याकडच्या मिरवणुकीची सवय असलेल्याला ढोलताशाची उणीव भासते, एवढंच.

करायला अवघड नाही. लोण्याचं प्रमाण दणदणीत असलेला यीस्टचा पाव, त्यात बेदाणे, बदाम, संत्र्या-लिंबाची पाकवलेली साल. खरं काम ओव्हनमधून काढल्यावर. गरम असतानाच वितळलेलं लोणी दोनदा चोपडायचं, साखरेत लोळवायचं, गार झाल्यावर वर पिठीसाखरेचा जाड थर. मग कागदात गुंडाळून इथे थंड खोलीत दोन-तीन आठवडे मुरवतात.

लोणी_साखर

वा! वर्गात स्टोलन केलंय, पण पोपचं पत्र कोणी सांगितलं नव्हतं. पुण्यात मुरवायचं तर घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये, आणि खाण्याआधी तासभर बाहेर. वसई-मुंबईत बाहेर ठेवायच्या भानगडीत पडू नका. आत मार्झिपानची (बदाम-साखरेच्या गोळ्याची) वळकटी घालायची असेल तर आपल्याकडचं काजूचं मार्झिपान घ्या, बदामापेक्षा मऊ राहतं.

एल्बेकाठी

कंदीलवाल्यांसाठी एक. इथून जवळच हेर्नहूट म्हणून गाव आहे, तिथला कागदी तारा प्रसिद्ध आहे. तिथल्या मिशनरी पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलांना भूमिती शिकवायला म्हणून तो सुरू झाला. २५ टोकं असतात, त्यातली १७ चौकोनी बुडाची आणि ८ त्रिकोणी बुडाची. मधल्या घनाकृतीला २६ बाजू, एक बाजू दिव्यासाठी मोकळी. घरी करता येतो: जाड ट्रेसिंग पेपर, टोकांचे शंकू आधी करून ठेवायचे आणि एकेक चिकटवत जायचं. आमच्या बाल्कनीत तो दिवाळीलाच चढतो आणि जानेवारीपर्यंत उतरत नाही. शेजाऱ्यांना वाटतं आम्ही फार धार्मिक.

शेवटचा_बाक

२६ बाजू? दहावीला भूमितीत काठावर पास झालेल्यांनी पाच टोकांचाच करावा. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगाचा कागद. आमच्या चाळीत दिवाळीचा सांगाडा तसाच माळ्यावर ठेवून शेजारच्या डिकास्टांकडे नाताळात नवा कागद लावून जायचा. कागद चिकटवायला मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं खात नाहीत. खळीचं भांडं स्वयंपाकाला परत न्यायचं नाही, मोरचूद विषारी.

माडाबुडी

आणि गोठ्यातलं गवत! प्लास्टिकचं आणू नका कोणी. नाताळाच्या आठ-दहा दिवस आधी ट्रेमध्ये माती पसरून नाचणी किंवा गहू दाट पेरायचे, घटासारखे. अंधारात ठेवले तर पिवळे वाढतात. उजेडात ठेवून रोज हलकं पाणी शिंपडलं की मखमली हिरवं कुरण.

गच्चीवरची

झाडांवरून आठवलं. लाल पानांचं पॉइनसेटिया नर्सरीतून आणतो, पुढच्या वर्षी ते हिरवंच राहतं अशी तक्रार सगळे करतात. त्याला रात्री मोठ्या लागतात. ऑक्टोबरपासून रोज १४ तास मिट्ट काळोख हवा. गॅलरीत रस्त्याचा दिवा येत असेल तर पान लाल होत नाही. संध्याकाळी सहाला वर खोका पालथा घाला, सकाळी आठला काढा. डिसेंबरपर्यंत रंग चढतो.

चाफेकळी

संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्यांची माळ सगळीकडे दिसते, मी केली तर साल वेगळी आणि गर वेगळा झाला.

लोणी_साखर

नागपुरी संत्रं घेतलं असणार. त्याची साल आधीच सुटी असते. ते खायला घ्या, माळेला मोसंबी घ्या. अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या, कापडाने दाबून टिपून, ९० ते १०० अंशांवर तीन-चार तास, मध्ये एकदा उलटायच्या. दोऱ्यात ओवताना मध्ये दालचिनीची कांडी. मुंबईकडे पंधरा दिवसांत चिकट होतात, मग चहात टाका.

मीठ-मैद्याची खेळणी पण करा मुलांबरोबर: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी. वरचं भोक स्ट्रॉने आधीच पाडा. १०० अंशांवर दोन-तीन तास. रंगवून दोन्ही बाजूंनी वॉर्निश, नाहीतर पहिल्या पावसात मीठ पाणी सोडतं.

मंजिष्ठा

तुम्ही सगळे नाताळातच अडकलात. लोणी_साखर, तू थंडी साहित्याच्या यादीत घाल म्हणालीस, तर त्याचं खरं उदाहरण हलवा. काटा फक्त कोरड्या थंडीत येतो. ढगाळ हवा आली की आम्ही परात उचलून ठेवायचो.

कल्हईची पितळी परात, खाली शेगडीची मंद आच. तीळ, खसखस, साबुदाणा, चारोळी, वेलदोड्याचे दाणे, काही चालेल. साखरेत दुधाचा चमचा टाकून मळी काढलेला स्वच्छ एकतारी पाक. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलके फिरवत राहायचं. दाबायचं नाही, चोळायचं नाही, काटा मोडतो. दाणे कोरडे खुळखुळ वाजायला लागले की पुढचा चमचा. घाई करून दोन चमचे एकदम घातले की दाणे एकमेकांना चिकटतात. रोज सकाळी थोडं थोडं, असं काही दिवस चालतं.

दागिन्यांना एकसारख्या आकाराचे दाणे निवडून ठेवायचे, साबुदाण्याचे गोल मोत्यांना, तिळाचे बारीक किनारीला. काळ्या कापडावर किंवा पुठ्ठ्यावर चिकटवतात, काळ्यावर पांढरा उठून दिसतो. नव्या सुनेला मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, कमरपट्टा, जावयाला हार आणि नारळ.

लोणी_साखर

काकू, हे तर आमच्या अभ्यासक्रमात आहे! बदामावर साखरेचे थर चढवायचं फ्रेंच काम. फिरत्या तांब्याच्या पातेल्यात, थोडा थोडा पाक, प्रत्येक थर वाळला की पुढचा. फक्त त्यांना गुळगुळीत हवं असतं, आपल्याला काटा. त्यांची यंत्रं महाग, काकूंची बोटं फुकट. या जानेवारीत परात घेऊन तुमच्याकडे येऊ का?

मंजिष्ठा

ये की. पण पहाटे साडेपाचला यावं लागेल, आणि पंखा लावायला मिळणार नाही. पाक ओल्या दाण्यावर वाऱ्याने एकदम आटला की नुसता पापुद्रा धरतो.

शेवटचा_बाक

साडेपाच ऐकून विद्यार्थिनी गळाली बहुतेक. हलव्याची माळ झाडावर लटकवली तर चालेल का?

माडाबुडी

लटकव. फक्त बुंध्याभोवती मुंग्यांच्या खडूची जाड रेघ ओढ आणि बादलीतल्या वाळूत पाणी राहू दे. दिव्याच्या माळेची वायर भिंतीला टेकत असेल तर मुंग्या तिथूनही येतात, तिला वेगळी रेघ. आणि खडू विषारी असतो, खाली पडलेला हलवा उचलून तोंडात टाकू नकोस.

लोणी_साखर

साडेपाचला येते काकू, परात माझी. एल्बेकाठी, तुमच्या ताऱ्याच्या दोन्ही टोकांचे नमुने स्कॅन करून टाका ना. चौकोनी बुडाच्या शंकूची उंची बाजूच्या किती पट धरायची तेही लिहा.